थोराड की काटक?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार बोधाचे शब्द सांगावेत अशी आपल्याकडे रीत आहे, आणि दर वर्षी कोणी ना कोणी ते काम उत्तम करते. मी मात्र आज एका वादाविषयी बोलणार आहे. वाद आपलाच आहे, अजून मिटलेला नाही, आणि येत्या आठवड्यात तो मिटवणे भाग आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण माझ्या दोन्ही मुली मैदानावर वाढल्या आणि त्यांच्यामागे डबा व पाण्याची बाटली घेऊन मी बारा वर्षे कडेला बसत आले. तेवढ्या अधिकारावर बोलते.

गेल्या सभेत आपण ठराव केला की मंडळातर्फे आपल्या गल्ल्यांतील मुलींचा कबड्डीचा एक आणि खो-खोचा एक असे दोन संघ उभे करायचे. ठरावाला एकीचाही विरोध नव्हता. विरोध सुरू झाला तो मुली निवडायच्या वेळी. नावे आली एकतीस, आणि वर्गणीत गणवेश व बूट होतात चोविसांचे. म्हणजे सात मुलींना घरी पाठवायचे. कोणत्या सात? एका भगिनीने सुचवले, वजनकाटा आणा, भिंतीवर उंचीची खूण करा, आणि किडमिडीत पोरी आधीच बाजूला काढा. हातपाय मोडून घेतील आणि त्यांच्या आयांचे बोल आपल्याला ऐकावे लागतील. बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. मी त्या दिवशी गप्प बसले, कारण या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे मला वाटत नाही.

तथ्य आहे ते आधी सांगते. अंगाची चण खेळात मोजली जाते. तसे नसते तर कबड्डीत वजनाचे नियम केले नसते. मोठ्या स्त्रियांच्या गटात ७५ किलोंच्या वर वजन असलेली खेळाडू चालत नाही, पुरुषांत ८५ च्या वर चालत नाही, आणि सोळा वर्षांखालच्या किशोरी गटात ५५ ची मर्यादा आहे. जड अंगाची मुलगी मधोमध उभी राहिली की चढाई करणारीला तिच्या बाजूने निसटणे अवघड जाते, हे नियम करणाऱ्यांना कळत होते. पण या नियमाची एक गंमत आपण ध्यानात घ्या. त्याने वरची हद्द घातली आहे, खालची नाही. पस्तीस किलोंच्या मुलीला मैदानाबाहेर काढणारा नियम कबड्डीत नाही. तो आपणच करायला निघालो आहोत.

कुस्तीची गोष्ट निराळी. तिथे वजनाला वजन लावतात. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेऊन आले, ते ५७ किलोंच्या गटात. त्यांना नव्वद किलोंच्या मल्लाशी लढावे लागले नाही. पण कबड्डी, खो-खो, हॉकी हे संघाचे खेळ. इथे लहान आणि मोठे एकाच मैदानात उतरतात, आणि म्हणून तिथे निवड कशी करायची हा खरा प्रश्न उभा राहतो.

कबड्डीतल्या सात जागा आठवा. दोन्ही कोपऱ्यांतल्या मुलींनी चढाईवालीचा घोटा धरायचा. घोटा जमिनीपासून वीतभर उंचीवर असतो. तो धरायला झटकन खाली जावे लागते, आणि तिथे बुटक्या मुलीला वाकायला कमी लागते, उंच मुलीला जास्त. मधल्या रक्षकांना अंगाने अडवायचे असते, तिथे भरलेली मुलगी उपयोगी. चढाईला हलकी, लांब पायांची, आणि मुख्य म्हणजे दमाची हवी. शिवाय साखळी. दोघी हात धरून पुढे निघतात तेव्हा एक उंच व एक ठेंगणी असली तरी चालते, पण एक लवकर व एक उशिरा निघाली की साखळी तुटलीच. हे वेळेचे भान काट्यावर मोजता येत नाही. आणखी एक नियम मला फार आवडतो. मैदानात तिघी किंवा त्याहूनही कमी उरल्या असताना त्यांनी पकड केली तर एक गुण जादा मिळतो. मराठीत त्याला अव्वल पकड म्हणतात. संख्या घटली, बळ घटले, तरी धीर सुटला नाही, त्याचे मोल खेळानेच ठरवून ठेवले आहे.

खो-खोत तर थोराडपणाची फार अडचण होते. आठ जणी एकीआड एक तोंडे फिरवून बसतात. पाठीवर ‘खो’ पडला की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उठून धावायचे. धावणारीला मागे वळता येत नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही. पळती करणारी मात्र मधल्या फटींतून हवी तशी सुळकन निघते. अशा वेळी हलक्या, चपळ, हुलकावणी देणाऱ्या मुलीला पकडता पकडता समोरच्यांच्या तोंडाला फेस येतो. पण म्हणून सगळ्याच चिमण्या घ्याव्यात काय? तसेही नव्हे. खांबाशी सूर मारताना एका हाताने खांब धरून दुसरा हात लांब टाकावा लागतो. तिथे उंच मुलीचा हात वीतभर पुढे पोचतो, आणि तेवढ्या वितीत समोरची बाद होते. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. आपल्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८ विरुद्ध ४० असे हरवले. त्या संघाचे छायाचित्र कोणी जपून ठेवले असेल तर पुन्हा पाहावे. एका साच्यातून काढल्यासारख्या मुली त्यात दिसत नाहीत.

आपण सोलापूरकर मागाच्या आवाजात वाढलो. ज्यांच्या घरी माग होता त्यांना हे अधिक चांगले ठाऊक आहे. चादरीचा उभा ताणा आणि आडवा बाणा या दोहोंना एकच सूत लावत नाहीत. ताण सोसायचा तो ताण्याने, म्हणून त्याला पीळ अधिक आणि खळही द्यावी लागते. बाण्याचे सूत जाड, मऊ असले तरी चालते, चादरीला ऊब त्यानेच येते. जाड सूत चांगले की बारीक, असा वाद विणकर घालत नाही. कुठे लावायचे एवढेच तो विचारतो.

आता कोणी म्हणेल, हे सगळे मातीतले खेळ, आपल्या घरचे. बाहेरच्या धिप्पाड लोकांशी गाठ पडली की काय? तर हॉकीकडे पाहू. १९७५ साली भारताने हॉकीचा विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये गवताऐवजी प्रथमच कृत्रिम हिरवळ अंथरली गेली, आणि आपला संघ सातवा आला. तेव्हापासून, युरोपातल्यांची हाडेच मोठी, त्यांच्यापुढे आपली कशी टिकणार, हे रडगाणे पुष्कळ वर्षे चालले. त्या हिरवळीवर वेग लागतो, आणि तेव्हा सत्तर मिनिटे धावण्याची ताकद लागत असे, हे खरे. पण टोकियोचे ऑलिंपिक २०२१ साली झाले त्यात, आणि २०२४ साली पॅरिसलाही, आपल्या पुरुषांनी कांस्यपदक मिळवलेच ना? आपली हाडे काही मधल्या काळात मोठी झाली नाहीत. बदलला तो सराव आणि बदलला तो आहार.

आणि त्या वाईट काळातही एक माणूस होता, आपल्या पुण्याजवळच्या खडकीचा. धनराज पिल्ले. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला, मोडक्या काठ्यांनी खेळायला शिकलेला, अंगाने सडपातळ. चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक स्पर्धा खेळला. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई खेळांत भारताने सुवर्णपदक जिंकले तेव्हा तोच कर्णधार होता. त्याला भिंतीवरच्या खुणेने मोजले असते, तर काय झाले असते हे मी सांगायला नको.

मुलींच्या बाबतीत तर अगदी आपल्यासारखाच प्रसंग घडलेला आहे. हरियाणातल्या शाहाबादची राणी रामपाल. वडील गाडी ओढत, घरात दोन वेळचे जेमतेम. ती खेळ शिकायला गेली तेव्हा, ही कुपोषित आहे, सराव झेपणार नाही, असे सांगून तिला परत पाठवले होते. पुढे प्रवेश मिळाला, तर तिथे प्रत्येक मुलीने रोज अर्धा लिटर दूध आणून प्यायचे असा नियम. घरची ऐपत पाव लिटरचीही नव्हती. ती दुधात पाणी घालून पीत असे, कोणाला न सांगता. हे तिनेच पुढे सांगितले आहे. हीच राणी टोकियोला भारतीय महिला संघाची कर्णधार होती. त्या संघाने ऑस्ट्रेलियाला एका गोलाने हरवले आणि चौथा क्रमांक मिळवला. आपल्या महिला संघाने ऑलिंपिकमध्ये त्यापूर्वी कधी पदकासाठी सामना खेळला नव्हता.

भगिनींनो, या दुधाच्या पेल्यापाशी मला जरा थांबायचे आहे. आपण थोराड आणि किडमिडीत असे दोन भाग करतो, जणू देवानेच तसे करून पाठवले. उंची बरीचशी आईबापांकडून येते, ते मान्य. पण काटकपणा? तो ताटात वाढला जातो, नाहीतर वाढला जात नाही. २०१९ ते २०२१ या काळात देशभर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. शंभरात सत्तावन्न! या सभागृहात डावीकडून मोजायला लागा. जिच्या अंगात रक्त कमी, ती दोन चढायांत धापा टाकणार, डोळ्यांपुढे अंधारी येणार, आणि आपण म्हणणार, पोर नाजूक आहे हो, खेळ तिच्या नशिबात नाही. शाळेत आठवड्याला निळी गोळी देतात ती पोरी दप्तरात टाकतात, किंवा मळमळते म्हणून फेकून देतात. जेवणानंतर दिलेली गोळी सोसते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी लागत नाही. चहा तासाभराने घ्यावा. आपल्याकडे जेवले की लगेच चहा, ही सवय घराघरात आहे.

एक उलटी बाजूही मी पाहिली आहे. एका स्पर्धेत वजन घेण्याच्या आदल्या दिवशी एका मुलीला भाकरी दिली नव्हती, पाणीही घोट घोट. ५५ च्या आत बसावी म्हणून. काट्यावर ती बसली, आणि दुपारी मैदानात चक्कर येऊन आडवी झाली. कोणाची, कुठली, ते सांगत नाही. दोन्ही ठिकाणी काटा मोठा ठरतो आणि मुलगी लहान.

आपल्या शेजारच्या धाराशिवची सारिका काळे आपण ऐकून आहात. २०१६ च्या दक्षिण आशियाई खेळांत खो-खोचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघाची ती कर्णधार, आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जवळजवळ दहा वर्षे आपण दिवसातून एकदाच जेवत होतो, असे तिने त्या वेळी सांगितले. हे वाचून आमच्या आळीत एक बाई म्हणाल्या, बघा, एकवेळ जेवूनही होते की! मला ते ऐकून वाईट वाटले. सारिकाचे नाव छापून आले, कारण ती टिकली. एकवेळ जेवणाऱ्या ज्या मुली दुसऱ्याच वर्षी मैदान सोडून गेल्या, त्यांची नावे कुठे छापून येत नाहीत. त्यांतल्या काही आपल्याच गल्लीत आहेत, आणि आईशेजारी सूप घेऊन विड्या वळत बसल्या आहेत.

काटकपणाविषयी बोलताना आणखी एक गल्लत होते. काटक म्हणजे दांडगी असे आपण समजतो. जी ढकलते, ओरबाडते, पंचांशी हुज्जत घालते, ती जोरदार खेळाडू, अशी काही जणींची समजूत आहे. माझा अनुभव उलटा आहे. दांडगी मुलगी पाच मिनिटे भारी पडते, मग तिला ताकीद मिळते, मग ती चिडते, आणि चिडली की तिला कोणीही हुलकावणी देऊन जाते. काटक मुलगी पडते, गुडघा पुसते आणि आपल्या जागेवर येऊन उभी राहते. गड्ड्याच्या यात्रेत आपण सात नंदीध्वज पाहतो. एवढा उंच ध्वज एक माणूस कमरेच्या पट्ट्यात पेलून चालतो. पेलणारे सगळेच काही पहिलवान नसतात, सडसडीत तरुणही असतात. यात्रेच्या आधी कितीतरी रात्री ते सराव करतात. ध्वज कलला की कुठल्या बाजूला पाऊल टाकायचे हे पायाला कळावे लागते. नुसता जोर लावणाऱ्याच्या हातून तो तोल जातो.

२०१८ साली जाकार्ताला आशियाई खेळांत इराणच्या मुलींनी कबड्डीत आपल्या मुलींना २७ विरुद्ध २४ असे हरवले. आपल्या घरचे सोने दुसऱ्यांनी नेले, म्हणून फार हळहळ झाली. कोणी म्हणेल, इराणी बायका थोराड असतात. असतील. पण त्यांना शिकवणारी बाई कोण होती ठाऊक आहे? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. त्यांनी तिथे जाऊन त्या मुलींना योगासने आणि प्राणायाम शिकवला, दम वाढवला. म्हणजे अंग त्यांचे असले तरी दम आपल्याकडचाच होता! नंतरच्या आशियाई खेळांत, २०२३ साली हांगझौला, आपल्या मुलींनी चिनी तैपेईला २६ विरुद्ध २५ असे हरवून ते सुवर्ण परत आणले. एका गुणाने. एक गुण म्हणजे एखाद्या बुटक्या पोरीने ऐन वेळी धरलेला एक घोटा, एवढाच.

तेव्हा माझी सूचना अशी आहे, आणि ती मी लेखी सुद्धा चिटणीसबाईंकडे दिली आहे. काटा आणावा, पण निवडीसाठी नव्हे. पहिल्या दिवशी एकतीसही मुलींचे वजन व उंची वहीत लिहावी, आणि दर महिन्याला पुन्हा लिहावी. जिचे वजन तीन महिन्यांत वाढणार नाही तिच्या घरी आपल्यापैकी दोघींनी जावे, जाब विचारायला नव्हे, बसायला. रक्ताची तपासणी महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात करून घ्यावी. निवड तीन महिन्यांनी करावी, आणि ती शिकवणाऱ्या ताईंनी करावी, आपण नव्हे. माझ्या मुलीला का नाही घेतले, हे भांडण मग मंडळात येणार नाही. गणवेशांचे म्हणाल, तर सात गणवेश कमी पडतात. दिवाळीत आपण फराळाचे जे पदार्थ विकतो त्यात दहा किलो चिवडा जादा केला तर निम्मे पैसे उभे राहतील. उरलेल्यांसाठी माझी मोठी मुलगी नोकरीला लागली आहे, तिने दोन गणवेश कबूल केले आहेत. बाकीच्यांचे आपण सगळ्यांनी बघावे.

आणि सरावानंतरचा खाऊ. बिस्किटे नकोत. शेंगदाणे आणि गूळ आपल्याकडे कोणाला नवे नाहीत. भाजलेल्या दाण्यांचा कूट व गूळ यांचे लाडू मूठभर तुपात वळले जातात, आणि ते न वळता नुसते दाणे-गूळ दिले तरी पोरी खातात. आठवड्यातून तीन दिवस सराव, एकतीस मुली, दर मुलीला दोन लाडू. हिशेब मी केला आहे. सोळा जणींनी महिन्यातून एकेक वेळ उचलली तर कोणावरच भार पडत नाही. अकरा नावे माझ्याकडे आली आहेत. उरलेल्या पाच भगिनींनी चहाच्या वेळी माझ्याशी बोलावे. मी दाराजवळच्या खुर्चीवर वही घेऊन बसणार आहे.